बिडकीनच्या बाईंची घोंगडी

रंजनाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. एका माणसापुरता चहा करायला माझा हात अजून बसलेला नाही. दर वेळी दोन कप होतो आणि दुसरा तासाभरानं मीच गार पितो. "सर, बाबा गेले," ती म्हणाली. मग कन्नडच्या बाजूचा वारा फोनमध्ये नुसता वाजत राहिला... शेवटी तीच म्हणाली, "माग रिकामा हाय सर. शेवटची घोंगडी परवाच उतरवली त्यांनी." ती शेवटची घोंगडी कोणाच्या नावाची होती हे मला ठाऊक होतं. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले, आणि जे मी मल्हारीदादांना सांगायला हवं होतं ते आज इथं तुम्हाला सांगायला बसलो आहे.

मल्हारीदादा कन्नड तालुक्यातल्या एका वाडीवर घोंगड्या विणायचे. घराणं मेंढरं राखणारं. भाऊ अजून कळप घेऊन रानोमाळ फिरतात, पण दादांचा एक पाय लहानपणीच अधू झाला, म्हणून त्यांना मागावर बसवलं गेलं. पायानं चालता येत नाही त्यानं हातानं चालावं, असं त्यांचे वडील म्हणाले म्हणे. आठवड्यातून एकदा खांद्यावर गठुडं टाकून ते एसटीनं संभाजीनगरला यायचे आणि शहागंजात एका कापडवाल्याच्या पायरीवर बसायचे. त्यांना शोधून काढलं ते माझ्या बायकोनं, सुमतीनं. मी तंत्रनिकेतनात आरेखन शिकवण्यात जन्म घालवला, पण माणसं हेरायची नजर तिची. मला हाताला धरून तिनं त्या पायरीपाशी नेलं, तर हा विक्रेता घोंगडी विकायलाच तयार नाही! गठुड्यातल्या सगळ्या दुसऱ्यांच्या मापाच्या होत्या. "आधी माप," ते म्हणाले आणि खिशातून लोकरीचा दोरा काढला.

हीच त्यांची रीत. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरायचा, वर एक वीत सोडायची, टोकाला गाठ मारायची. तो दोरा मग मागाजवळच्या खुंटीवर त्या माणसाच्या नावानं टांगलेला राहायचा. घोंगडी विकली गेली तरी दोरा टाकायचा नाही. मी विचारलं, सगळ्या सारख्याच मापाच्या का विणत नाही, पटापट खपतील. तर म्हणाले, "पाय उघडं पडलं तर घोंगडी कशाला सर, टावेल घ्या की!" सुमतीचा दोरा त्यांनी घेतला तेव्हा तिनं पदराच्या टोकाचे दोन हिरवे धागे ओढून त्या गाठीत अडकवले, "आमचा ओळखू यावा म्हणून." मग माझी पाळी. मी सव्वासहा फूट. ते पायरीवर चढले तरी हात पुरेना. "तुमच्यासाठी येक मेंढरू जास्तीचं लागंल," म्हणाले. आजूबाजूचे दुकानदार हसले. मला लोकर टोचते, मला नको, असं मी सांगितलं, तरी त्यांनी दोरा घडी करून खिशात घातलाच. "मन बदललं तर असू द्या."

सुमती तीन वर्षांपूर्वी गेली. तेराव्यानंतर घरातलं तिचं काही डोळ्यांसमोर नको झालं होतं. साड्या, चपला, दादांनी विणलेली ती काळी घोंगडी, जे हाताला लागलं ते मी देऊन टाकलं. कोणाला, तेही नीट आठवत नाही. मल्हारीदादा भेटायला आले आणि उठताना त्यांनी विचारलं, "बाईंची घोंगडी कुटं हाय?" दिली म्हणालो. "बरं केलं," एवढंच बोलून ते गेले. मी बरं केलं नव्हतं. पुढं हिवाळा आला आणि तिच्या बाजूची गादी इतकी गार लागायची की मी हॉलमध्ये दिवाणावर झोपायला लागलो. त्या घोंगडीला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता, आणि तो मी पिशवीत भरून देऊन टाकला होता... हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर दादा दर आठवड्याला परतीची एसटी धरण्याआधी माझ्याकडे यायला लागले. दोन जिने चढायचे, अधू पायानं. चहा घ्यायचे. मेंढरं, पाऊस, रंजनाची शिलाई, माझं बीपी... बोलायला फार काही नसायचं. पण खरं सांगतो, आठवड्यात माझं दार वाजवणारं ते एकच माणूस होतं. त्या दिवशी मी सकाळपासून दाढी करून बसायचो.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांच्या मागाच्या खोलीचं छत बसलं. त्यांचा माग खड्ड्यातला, विणणारा कडेला बसून पाय खड्ड्यात सोडतो. त्या खड्ड्यात पाणी भरलं आणि लाकडं कुजली. "आता हात जोडून बसायचं," ते म्हणाले. मी मोबाइलवर पाहिलं होतं, हल्ली कोणी गाण्यासाठी, कोणी छोट्या धंद्यासाठी लोकांकडून थोडे थोडे पैसे उभे करतात. मी त्यांना समजावून सांगितलं. "म्हंजी वर्गनी," ते म्हणाले. "गनपतीची असती तशी?" तशीच, मी म्हणालो, फक्त जगभरातून. ते गंभीर झाले. "गनपती परसाद तरी देतो. आपन काय देनार?" मग ठरलं, जो वर्गणी देईल त्याला घोंगडी मिळेल, त्याच्या मापाची. नाहीतर नको, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी इंटरनेटवर वर्गणीचं पान तयार केलं. फोटो काढले, मजकूर लिहिला, ओळखीच्यांना पाठवला. सगळ्यांनी अंगठे दाखवले, हात जोडले, फुलं पाठवली. वर्गणी कोणी दिली नाही. तीन दिवस पानावर शून्य. आमच्या गावच्या देवळात पुजारी आरतीचं ताट फिरवण्याआधी स्वतःचं एक नाणं त्यात टाकून ठेवायचा, रिकाम्या ताटात पहिलं नाणं टाकायला कोणी धजत नाही म्हणून. मला तेच आठवलं. मी माझेच पैसे दोन वेगवेगळ्या नावांनी भरले. एक वसुधा पानट, बिडकीन. दुसरे रमेश तुपे, नाशिक. दोघंही जगात कुठं असतील तर योगायोगानं. आणि युक्ती फळली. पाचव्या दिवशी पुण्याच्या एका मुलीनं दिले, मग माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी, मग ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशांनी. महिन्याभरात नवी खोली, नवा माग, उंच केलेली जमीन, सगळं झालं. त्या पानावरची पहिली दोन नावं पाहून ज्यांनी विश्वासानं आपलं नाव खाली घातलं, त्यांची मी आज माफी मागतो.

पण एक गोष्ट या शहाण्या सरांच्या लक्षात आली नव्हती. दादा प्रत्येकाचं माप मागणार होते! रंजना एकेकाला फोन लावायची आणि दादा बोलायचे, "डोक्यापासनं टाचंपतुर, व्हय, दोऱ्यानं मोजा, आन कोन घेनार पांघराय, तुमी का आई?" लोक आधी गोंधळायचे, मग घरातल्या सगळ्यांची मापं सांगत बसायचे. पुण्याच्या मुलीशी तर त्यांची पाऊण तास गट्टी जमली. खुंटीवर दोरे वाढत गेले. फक्त दोघांचे नंबर लागेनात. लागणार कुठून, मी दहा आकडे असेच ठोकून दिले होते.

"सर, बिडकीनच्या बाईंचा फोन कामून लागत नाय?" ते दर आठवड्याला विचारायचे. मी म्हणायचो, गावाला गेल्या असतील. एकदा धीर करून म्हणालो, "दादा, काही लोक नुसती मदत करतात. त्यांना घोंगडी नकोच असेल." त्यांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "पैसा घिऊन घोंगडी नाय दिली तर ती भीक झाली. आमच्यात मेंढरामागं उपाशी फिरत्यात पन भीक कुनी घेत नाय. माप आना त्यांचं." त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. पण मी त्यांना फसवून भीकच घ्यायला लावली, असं ते समजले तर? मग ते दोन जिने पुन्हा कोण चढलं असतं? मी म्हणालो, "विचारून सांगतो." आणि चहा अजून घेणार का, असं विचारलं.

दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला. लोकरीचा भुगा छातीला वाईट, माग बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाकीच्या सगळ्या घोंगड्या पोस्टानं गेल्या होत्या. उरल्या होत्या फक्त दोन, त्या नसलेल्या माणसांच्या. त्यांचं शहरात येणं थांबलं, तेव्हा मीच कन्नडची एसटी धरली. आज सांगायचंच, असं वाटेत प्रत्येक थांब्यावर घोकत होतो. पोचलो तर ते मागावर बसलेले. खोलीत चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास. दोन धोटे टाकायचे, थांबायचे, खोकायचे, पुन्हा टाकायचे. "दादा, राहू द्या हे," मी म्हणालो. "मापं तर नाहीत ना अजून?" ते हसले. "मापं गावली. सर, तुमची ती दोन मानसं लई लाजाळू हायत बगा." मी हसलो. म्हटलं, कोणीतरी अंदाजे मापं सांगून त्यांची समजूत घातलेली दिसते, आपण आता कशाला विषय काढा! किती बरं वाटलं मला! रंजनानं भाकरी-पिठलं वाढलं, जेवलो आणि परतीच्या गाडीत बसलो. ती आमची शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात रंजना आली. खांद्यावर दादांचंच गठुडं. "बाबा म्हनले व्हते, ह्या दोन पोस्टानं धाडायच्या नाय. सरकडं नेऊन दे, ते पोचवतेत." मी खाली मान घालून तिला सगळं सांगितलं, नावं, नंबर, सगळं. ती जराही चकित झाली नाही. "त्यांना ठाव व्हतं की सर. बिडकीनला आमची आत्या हाय. सगळं गाव पालथं घातलं तिनं, त्या नावाची बाईच नाय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुमच्यावर चिडले नव्हते. मीच म्हनले, मग कशाला विनता, छाती फुटंस्तोवर? तर म्हनले, पैसा तर आला ना कुनाचा तरी."

ती गेल्यावर भर दुपारी मी दोन्ही घोंगड्या दिवाणावर उलगडल्या. प्रत्येकीच्या घडीत तिचा दोरा ठेवलेला. रमेश तुपेंचा दोरा मी भिंतीशी उभा राहून अंगाला लावून पाहिला. डोक्यापासून टाचेपर्यंत, वर बरोबर एक वीत. एक मेंढरू जास्तीचं. दुसरा दोरा उलगडायला गेलो तर त्याच्या गाठीत दोन हिरवे धागे होते, विटलेले, पण हिरवेच...

आता मी पुन्हा आतल्या खोलीत झोपतो. माझी घोंगडी टोचते, मी म्हणालो होतो तशीच. चहा अजून दोन कप होतो आणि दार कोणी वाजवत नाही. बिडकीनच्या बाईंची घोंगडी गादीच्या त्या बाजूला अंथरलेली आहे. अजून तिला नुसता लोकरीचा आणि खळीचा वास येतो, तेलाचा येणार नाही हे मला कळतं. पण या वेळी ती मी कोणाला दिलेली नाही.