फ्रीझरच्या तळाचं पुरण

काही वाया जाऊ नये म्हणून मी मोठा डीप फ्रीझर निवडला. मटार, आमरस, खवलेला नारळ, सगळं भरपूर. काल आवरताना तळाशी श्रीखंडाच्या जुन्या डब्यात पुरण निघालं, बर्फाने पांढरं पडलेलं, कुबट वासाचं. कुठल्या होळीचं होतं, आठवेना. मी नाक मुरडलं, आणि तरीही सवयीने मी तो डबा भांडी घासणाऱ्या शांताबाईंपुढे धरला.

"घेऊन जा, पोरं खातील."

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "ताई, तुम्ही खाल का?"

मी डबा परत घेतला. पुरण कचऱ्यात टाकलं, उरलेल्या डब्यांवर तारखा लिहिल्या. किळस मात्र जाईना. आजवर दिलेले डबे शांताबाई स्वच्छ घासून परत आणायच्या. आतलं पोरांनी खाल्लं की त्यांनी वाटेतच टाकलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.