पंचामृतात न्हालेली रायफल

गेल्या दसऱ्याला मी काउबॉय झालो होतो.

हे वाक्य मी नातेवाइकांत उच्चारलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग चहा कुणाला हवाय ते विचारतात. पण खोटं नाही. गंगापूर धरणाच्या अलीकडे एक नवीन रिसॉर्ट झालंय. त्यांनी दसऱ्याच्या सुट्टीत 'काउबॉय शूटिंग'ची स्पर्धा ठेवली होती. डोक्यावर हॅट, गळ्यात रुमाल, पायात बूट, आणि हातात नळीखाली लिव्हर असलेली रायफल. लिव्हर ओढायची, छर्रा घालायचा, चाप दाबायचा आणि समोर उभ्या केलेल्या पत्र्याच्या ताटल्या एकामागोमाग पाडायच्या. ज्याच्या सगळ्या ताटल्या सर्वांत कमी वेळात पडतील तो जिंकला. तिकडे अमेरिकेत हे खऱ्या रायफलीने करतात म्हणे. आपल्याकडे छऱ्याच्या.

मी ओझरच्या कारखान्यात स्टोअर्सला आहे. आयुष्यात मी नेम धरून केलेली एकमेव गोष्ट म्हणजे सुईत दोरा ओवणे (तोही सुनीता ओवून देते). मग मी या भानगडीत पडलो कसा? तर साडूमुळे!

माझे साडू दिलीपराव. पिंपळगाव बसवंतला त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. माणूस दिलदार, पण कुठलीही स्पर्धा दिसली की आधी नाव देणार आणि नंतर ती कशाची आहे ते विचारणार. गणपतीत आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी मोबाइलवर स्वतःचा हॅट घातलेला फोटो दाखवला. "भाऊसाहेब, इम्पोर्टेड रायफल सांगितलीय. पहिला नंबर आपलाच."

मी कौतुकाने मान हलवली. पण सुनीता, म्हणजे आमची ही, वरण वाढता वाढता म्हणाली, "हे पण उतरणारेत स्पर्धेत."

कोण हे? मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"भाऊजी?" धाकटी मेहुणी मंगल, म्हणजे दिलीपरावांची बायको, एवढी हसली की तिला ठसका लागला. "अगं ताई, भाऊजींना डास मारता येत नाही!"

झालं! सुनीताने वरणाची वाटी खाली ठेवली. "मग लाव पैज. जिचा नवरा मागे राहील, तिने दोन्ही घरचा दिवाळीचा फराळ करायचा. एकटीने."

याला कारण होतं. दिवाळीच्या आधी पिंपळगावला द्राक्षांच्या छाटणीची धांदल असते. त्यामुळे दरवर्षी मंगलचा फोन येतो, "ताई, यंदा माझ्याही चकल्या तूच टाक गं." मग लाडू. मग अनारसे. मग दोन घरं, पॅकहाउसची माणसं आणि पाहुणे, सगळ्यांचा फराळ आमच्या एका गॅसवर. त्या रात्री पाहुणे गेल्यावर सुनीता मला म्हणाली, "अहो, मला एक दिवाळी हवीय. एकच. नवी साडी नेसून आकाशकंदिलाखाली बसायचंय, कढईपुढे नाही. एवढं कराल का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने असं तोंडाने काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मला गलबलून आलं. मी म्हणालो, "करतो." कसं, ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शालिमारजवळच्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथे गळ, क्रिकेटच्या बॅटी आणि छऱ्याच्या बंदुका गुण्यागोविंदाने नांदतात. मी रुबाबात विचारलं, "लिव्हर ॲक्शन रायफल दाखवा. खरी."

शेठने चष्म्यावरून पाहिलं. "खरीला लायसन लागतं साहेब. अर्ज करा."

"मिळायला किती वेळ लागेल?"

"रिटायर कधी होताय?"

मी छऱ्याच्या बंदुकांकडे वळलो. शेठने पहिली काढली ती परदेशी. काळी, लांब, नळीखालची लिव्हर लोण्यासारखी खाली येणारी. मी ती खांद्याला लावली आणि क्षणभर माझ्यामागे वाळवंट पसरलं. मग शेठने किंमत सांगितली. त्या किमतीत एक बरी सेकंडहँड स्कूटर आली असती, आणि तिच्यावरून निदान ओझरला तरी जाता आलं असतं. वाळवंट गुंडाळून ठेवलं.

दुसरी स्वस्त होती, पण तिचा दस्ता प्लास्टिकचा. सुनीताने बोटाने टकटक केलं. "ही उन्हात वाकेल. आपली मोरीतली बादली बघा, तसंच होणार."

तिसरी देशी. लाकडी दस्ता, चकचकीत पॉलिश, किंमत खिशाला झेपेल अशी. सुनीताने ती उचलून पाहिली, उलटी केली, वास घेतला. "जरा कमी करा."

"ताई, फिक्स रेट."

"मग कव्हर फुकट द्या."

"ताई, ही बंदूक आहे, साडी नाही!"

"म्हणूनच तर! साडीला निदान फॉल-पिको तरी करून देतात."

शेठने कव्हर दिलं आणि वर छऱ्यांची एक डबी. राहिली परीक्षा लिव्हरची. मी ओढली. ती हलली नाही. मी गुडघा लावला, दात-ओठ खाल्ले, शेवटी दुकानातल्या स्टुलावर बसून ओढली तेव्हा अर्धी खाली आली. सुनीताने माझ्या हातातून रायफल घेतली आणि एका झटक्यात लिव्हर खाली-वर करून दाखवली. "आपल्या नळाची चावी यापेक्षा घट्ट आहे. बांधा ही."

मग गच्चीवर सराव सुरू झाला. मी तुपाचा रिकामा डबा कठड्यावर ठेवला, श्वास रोखला आणि चाप दाबला. डबा जागचा हलला नाही. पण पाण्याच्या टाकीच्या पाइपातून एक सुंदर कारंजं उडालं आणि खालच्या मजल्यावरून आवाज आला, "पाणी कोणी बंद केलं रेऽऽ!" प्लंबर आला. त्याने भोक पाहिलं, मला पाहिलं, आणि कामाला लागला. त्यानंतर मागे जाड लाकडी फळी उभी करूनच सराव करायचा असं ठरलं. पण खरं सांगतो, दसऱ्यापर्यंत मी बऱ्यापैकी सुधारलो. डबा पडायला लागला. सुनीता खाली पडलेला डबा पुन्हा उभा करायची आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा जास्त उजळायचा. "जमतंय हो तुम्हाला!" मला आतून फार बरं वाटायचं.

आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कारखान्यात मशिनींना झेंडूच्या माळा घालून मी दुपारी घरी आलो, तर पाटावर सगळी मंडळी आधीच बसलेली होती. विळी, मिक्सर, स्क्रू-ड्रायव्हर, माझी हातोडी, आणि मधोमध रायफल. सुनीताचा फोन स्पीकरवर होता. पलीकडे मखमलाबादहून सासूबाई. सासूबाईंचा फुलांचा मळा आहे आणि कुठल्याही पूजेतला त्यांचा शब्द अखेरचा.

"अगं, नवं हत्यार हाय ना त्ये? मग नुसती फुलं वाहून काय व्हनार? पंचामृतानं आंघोळ घाल त्याला!"

"आई, बंदूक आहे ती."

"मग तर लय जरुरी! आन् वरून वरून नको बरं का. आतून बी घाल. देवाला काय नुसतं वरून न्हाऊ घालतो का आपन?"

सुनीताने पंचामृत केलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं घसघशीत. तिने ते चमच्याने आधी दस्त्यावर, मग लिव्हरवर, मग नळीच्या तोंडातून आत सोडलं. आता तुम्ही विचाराल, मी तेव्हा काय करत होतो? मी मोबाइल आडवा धरून फोटो काढत होतो. "जरा सावकाश ओत, धार नीट दिसत नाहीये," असं मीच म्हणालो!

मग ओल्या फडक्याने रायफल पुसली (वरून), हळदकुंकू लावलं, माळ घातली, नमस्कार केला. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. तासाभराने दिलीपरावांचा फोटो आला. त्यांची इम्पोर्टेड रायफल चांदीच्या ताटात आणि माळ आमच्यापेक्षा दुप्पट जाड. मला जरा टोचलं.

दसऱ्याच्या सकाळी उठून पाहिलं तर कपाटाखालून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग निघाली होती आणि ती थेट रायफलीच्या नळीत शिरत होती.

"सुनीता! मुंग्या!"

"काळ्या आहेत ना? मग शुभ असतात."

मी रायफल उलटी करून झटकली. बऱ्याच मुंग्या बाहेर आल्या. ज्या आल्या नाहीत, त्या आमच्याबरोबर गंगापूरला आल्या.

स्पर्धेचे पंच होते देवळालीचे एक निवृत्त सुभेदार. मिशा अशा की रायफल त्यांच्यापुढे कोवळी वाटावी. प्रत्येकाने स्वतःचं काउबॉय नाव सांगायचं होतं. दिलीपराव 'पिंपळगाव टायगर'. मी, सुनीताच्या आग्रहावरून, 'ओझरचं वादळ'.

"ओझर का वादळ, आगे आव!" सुभेदार गरजले.

मी पुढे झालो. हॅट घट्ट बसवली. मागे सुनीता दोन्ही हात जोडून उभी होती. मला तिची ती एक दिवाळी डोळ्यांसमोर दिसत होती. शिट्टी वाजली. मी सगळा जोर एकवटून लिव्हर खाली ओढली. ती 'चर्रर्र' असा आवाज करत खाली आली. आणि तिथेच राहिली.

वर जाईना! मी ढकललं, हिसकलं, मांडीवर आपटलं. लिव्हरच्या सांध्यातून साखरेचा चुरा पडला. घड्याळ पळत होतं. "अहो, रेटा! रेटा!" सुनीता ओरडली. शेवटी हुंकार देऊन मी ती वर ढकलली, छर्रा घातला, नेम धरला, चाप दाबला.

'फुस्स.'

नळीतून एक पिवळसर गोळा बाहेर आला, हळूच माझ्या बुटावर पडला, आणि त्यातून एक मुंगी चालत निघाली. पाठोपाठ कुठूनशी एक मधमाशी आली आणि नळीच्या तोंडाशी घिरट्या घालू लागली. समोर ताटल्या जशाच्या तशा उभ्या होत्या.

सुभेदारांनी वाकून नळीचा वास घेतला. "ये क्या भरा है इसमें?"

"पंचामृत," सुनीता म्हणाली.

"किसने बोला?"

"आईने."

सुभेदारांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. त्यांनाही घरी सासू असावी. माझ्या नावापुढे शून्य लागलं.

मी मागे वळलो तर सुनीता माझ्याकडे बघत नव्हती. ती लांब धरणाच्या पाण्याकडे बघत होती आणि तिच्या मनात आता किती किलो भाजणी लागेल याचा हिशोब चालला असणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात दिलीपराव खदाखदा हसत पुढे निघाले. "भाऊसाहेब, नेमबाजी करायची होती, नैवेद्य नव्हता दाखवायचा!"

त्यांनी इम्पोर्टेड रायफल खांद्याला लावली. शिट्टी झाली. लिव्हर ओढली.

ती खालीसुद्धा आली नाही!

दिलीपराव लाल झाले, मग जांभळे झाले. दोघा गड्यांनी मिळून ओढली तरी ढिम्म. वाऱ्यावर आंबलेल्या दह्याचा वास आला. सगळ्यांनी माना वळवल्या. मंगलने पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"मंगल," दिलीपराव हळू आवाजात म्हणाले, "तू पण?"

"आईचा फोन मलाही आला होता हो!" मंगल पदराआडून म्हणाली. "आतून बी घाल म्हणाली!"

सुभेदारांनी दुसरं शून्य लिहिलं आणि पहिलं बक्षीस नाशिकरोडच्या एका दातांच्या डॉक्टरला देऊन टाकलं.

आम्ही चौघं बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी येऊन बसलो. मग सुनीता म्हणाली, "मंगल, पैज काय होती? जिचा नवरा मागे राहील तिने फराळ करायचा. दोघेही मागेच राहिले."

"म्हणजे आता दोघींनी करायचा?" मंगलचा चेहरा पडला.

दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी एकदम आमच्याकडे पाहिलं. लहानपणी एकाच चुलीपुढे बसलेल्या बायकांना फार बोलावं लागत नाही.

"काउबॉय कोण झालं होतं?" सुनीताने विचारलं.

"अहो, पण पंचामृत तुम्ही घातलंत!" दिलीपराव उसळले.

"आईला फोन लावू का? बोलता तिच्याशी?" मंगल म्हणाली.

दिलीपरावांनी रसाचा ग्लास तोंडाला लावला. मीही लावला.

अशा रीतीने दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात 'ओझरचं वादळ' चकल्यांच्या सोऱ्याला आणि 'पिंपळगाव टायगर' बेसनाच्या कढईला लागले. पहिल्या चकल्या तेलात विरघळल्या. दुसऱ्या काळ्या झाल्या. दिलीपरावांचे लाडू वळायलाच तयार नव्हते, मग त्यांनी ते वाटीत भरून पालथे घातले. सासूबाई मुद्दाम मखमलाबादहून येऊन दारात खुर्ची टाकून बसल्या आणि "जावईबापू, गॅस बारीक!" असं अधूनमधून सुनावत राहिल्या.

पण दिवाळीच्या पहाटे मी बाहेर येऊन पाहिलं, तर आकाशकंदिलाखाली दोघी बहिणी नव्या साड्या नेसून पाय पसरून बसल्या होत्या आणि कशावर तरी पोट धरून हसत होत्या. सुनीताला दिवाळीच्या दिवशी असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. भाजलेली बोटंसुद्धा मला त्या वेळी गोड वाटली.

मी ताट पुढे केलं. सुनीताने एक चकली उचलली, दाढेखाली धरली, बराच वेळ प्रयत्न केला, आणि शेवटी गिळून म्हणाली, "अगदी मस्त झाल्यात हो! माझ्यापेक्षा छान. खरंच, चकल्या तुमच्याच हातच्या." शेजारी मंगलही वाटीच्या आकाराचा लाडू हातात धरून दिलीपरावांना नेमकं तेच सांगत होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी पहिला आलो होतो! मी एवढा फुशारलो, एवढा फुशारलो, की पुढच्या सगळ्या दिवाळ्यांचा फराळ आता आपल्याकडे लागलाय, हे माझ्या लक्षात यायला भाऊबीज उजाडली.