मास्तरणीचं ‘आपण’

काजवालीला खरं नाव होतं, पण शिवणाच्या कारखान्यात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. शर्टाची काजं तिच्याइतकी सुबक कुणाची होत नसत, म्हणून ती काजवाली. राहायला कालव्यापलीकडच्या वस्तीत. पलीकडची माणसं भांडखोर, गलिच्छ आणि हातचलाख, हे ज्ञान अलीकडच्या बायकांना कुठून झालं होतं देव जाणे. एकीनंही कधी पूल ओलांडला नव्हता.

कापड कापणाऱ्या मास्तरणीशी मात्र तिचं गूळपीठ. “तू त्यांच्यातली वाटतच नाहीस,” मास्तरीण कौतुकानं म्हणे आणि ही वेडी हरखून जाई. पलीकडच्यांवर विनोद झाला की सगळ्यांच्या आधी हसे. धाकट्या जावेनं एकदा कारखान्यात काम मागितलं, तर हिनं तिला दारातूनच परत पाठवलं. जाऊ फार मोठ्यानं बोलायची. उगाच शोभा नको.

मालकानं कारखाना बंद करायचं ठरवलं, तशी मास्तरीण पेटून उठली. “आपण आपला काढू! कापायला मी, काजांना तू. आपल्याला कोण अडवतंय?” काजवालीनं घरभर सांगून टाकलं. नवऱ्यानं माळ्यावरचं जुनं मशीन उतरवून तेलपाणी केलं.

मग एका जेवणाच्या सुट्टीत मास्तरीण म्हणाली, “आम्ही जागा बघितली.”

काजवालीचा घास हातातच राहिला. आपण नाही, आम्ही. जीभ घसरली असेल, म्हणून तिनं विचारलं, “आम्ही म्हणजे कोण गं?”

“आम्ही सगळ्या.” मास्तरीण डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. “बाकीच्या म्हणतात, एक आली की मागून चार येतील. मी भांडले गं तुझ्यासाठी. म्हटलं, ती तशी नाहीये.”

“मग?”

“मग काय, एकटीनं किती ताणायचं? मनाला लावून घेऊ नकोस. काजं तुझ्याकडेच पाठवू की. घरबसल्या कर.”

बाकीच्यांचं काजवालीला काही वाटलं नाही. त्यांनी तिला कधी आपलं म्हटलंच नव्हतं. पण या बाईसाठी ती स्वतःच्या माणसांवर खदाखदा हसली होती. केसानं गळा कापला तो हिनंच. संतापानं तिचे कान तापले.

तिनं डबा बंद केला.

“बोल ना काहीतरी. पाठवू ना काजं?”

“तुमचं तुम्ही बघा, बाई.”

“अगं, मला काय तुम्ही म्हणतेस?” मास्तरणीचा चेहरा पडला.