पावडर लावलेली गाडी

अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील. माफ करा, मी चौथीच शिकले.

हे वारल्यावर त्यांची जुनी गाडी खाली उभीच होती, तेल गळत होतं. शहाडहून एक मेकॅनिक आला. इंजिन पुसून म्हणाला, "ताई, अंगाची पावडर द्या. म्हातारीला नटवू या." मी ह्यांचा डबा दिला. गाडी चालू केल्यावर पावडर जिथे भिजली, तिथलं पॅकिंग त्याने बदललं.

"उभी राहिली की जास्त गळते. आठवड्यातून एकदा चालू करा."

"मला नाही हो येत."

पैसे घरात होते, तरी दर रविवारी थोडे देईन म्हटलं. तो आला की आधी गाडी चालू करायचा. मी खिडकीत डोळे मिटून उभी राहायचे; हे घरी आल्यासारखं वाटायचं.

काल शेवटचे शंभर दिले. त्याचे सगळे पैसे फिटले.