म्हशीनं खाल्लेली सरकी

माही पोट्टी मैत्रेयी मीठसुद्धा सरळ घेत नाही. आधी भिंगातून दाणे पाह्यते, मंग भाजीत टाकते. नागपूरले संशोधन करते ना! कायचं, तर सुरुंगाच्या दारूचं. लोकायले सांगून सांगून मी थकलो.

वणीच्या बाजूले खाणीत मी अठ्ठावीस वर्षं सुरुंग भरले. दोन बोटं तिथंच गेली. मैत्रेयी म्हणते, दारूचा दाणा टोकदार असला की जराशा धक्क्यानं भडकते, गोल असला की शांत राह्यते. सरकीतलं प्रथिन पाण्यात असलं तर दाणा गोल वाढते, हे तिले सापडलं होतं. दारू धोक्याची, म्हणून तपासायची मात्र साध्या मिठावरच.

सतरा साली बोंडअळी आली. कापूस तर गेलाच, सरकीही आतून पोकळ. त्या सरकीनं दाणे नुसते सुईसारखे वाढत. तिचे सर म्हणाले, सोमवारी पहिल्यासारखे दाणे दाखव, नाही तर काम दुसऱ्या पोरीले देतो. आता बोला! अळी काय माह्या पोरीनं सोडली होती?

मुकुटबनच्या पुंडलिकरावांकडं गेल्या सालची चांगली सरकी डब्यात होती. पोट्टीनं चार चकरा मारल्या, तवा होती तेवढी किलोभर देली. सकाळी तिनं ती अंगणात बादलीत भिजू घातली. संध्याकाळच्या गाडीनं नागपूरले न्यायची होती. अन् ती आंघोळीले गेली.

मी बाहेर आलो तं म्हैस वरडून राह्यली होती. आमच्याकडं भिजवलेली सरकी म्हणजे म्हशीचीच, जन्मभर हेच पाह्यलं. ठेवली बादली तिच्यापुढं. वरून पाठीवर हातही फिरवला, शहाण्यानं!

“बाबा, बादली रिकामी कशी?”

“म्हशीले देली. काहून?”

तिनं बादलीत हात घालून तळ चाचपला.

“दुसरी आणतो ना,” मी म्हणालो.

“कुठून आणता? सगळ्या गावची पोखरली हाये.”

मंग मलेच राग आला. “कायले अंगणात ठेवली? सांगाले तोंड नव्हतं?” तिच्यावरच खेकसलो. काय म्हणावं या डोक्याले!

तिनं सरांना फोन लावला. मी दारातच उभा होतो.

“सर, चूक माझीच आहे. सरकी माझ्याच हातून सांडली... हो सर. हो.”

फोन ठेवून ती बॅग भरू लागली.

“काय म्हणाले?”

“देलं दुसरीले.”

अन् मी मेल्यानं, चूक माही होती, एवढंही तिले म्हटलं नाही.