मीठा रॅक

जुन्या नोकरीचे किस्से डोक्यात अडगळीसारखे साठतात. भंगारवालाही नेत नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा!

मी चौथी शिकलेला. नोएडात नवे कारखाने धडाधड उघडत होते तेव्हा झाडपाल्याचा अर्क काढणाऱ्या कंपनीत बाटल्या धुवायचो. मालक खन्नासाहेब आधी सरबतवाले. प्रत्येक अर्क चहाच्या वेळी केबिनमध्ये मागवायचे. दार बंद! "लैब झूठ बोलेगी, ज़ुबान नहीं!"

लॅबच्या देशपांडे मॅडमचा जीव रोज टांगणीला.

*

मॅडम सांगायच्या, "शिंदेकाका, ही सगळी ग्लायकोसाइडं. दोन तुकडे जोडलेले. एक साखर, दुसरा भलताच. कुळ ठरतं त्या दुसऱ्यावरून. फेसवाली या कपाटात, जुलाबाची त्या, हृदयावरची कुलपात."

"साखर सगळ्यांत आहे ना? मग वेगळ्या चुली कशाला?"

"साखर मारत नाही, काका. दुसरा तुकडा मारतो!"

*

खन्नासाहेबांनी ऐकलं ते फक्त 'साखर'. सगळी कपाटं मोडून एकच रॅक केला, वर पाटी 'मीठा'! मॅडम भांडल्या. "मैडम, शक्कर तो शक्कर है यार!"

कण्हेरीची बाटली तेवढी मॅडमनी कुलपातून हलू दिली नाही. "काका, हिनं आधी भूक मरते, मग मळमळ, मग नाडी अडखळते. लक्ष ठेवा."

*

रिठ्याचा अर्क केबिनमध्ये गेला. जरा वेळानं अकाउंटंट गुप्ताजी बाहेर आले, मिशीला फेस.

"गुप्ताजी, दाढी ऑफिसात?"

मिशी पुसून हिशेबाला बसले. मालकासमोर त्या माणसाला तोंडच नव्हतं!

*

मग सोनामुखी, जुलाबाची. साहेबांनी मोठा कप मागवला. संध्याकाळी मुंबईची पार्टी येणार, मॅडमना घाम! साहेब मात्र पार्टीसोबत मजेत हसत बसलेले.

"लोखंडी पोट आहे मेल्याचं," मी म्हटलं.

गुप्ताजी तेवढे संडासातून बाहेर येईनात. आम्ही कोपऱ्यावरच्या छोले-भटुरेवाल्याला शिव्या घातल्या.

*

एकदा मॅडम जेवून आल्या तर कुलूप उघडं. साहेबांकडे दुसरी किल्ली! कण्हेर केबिनच्या टेबलावर, बाटली चांगली दोन बोटं खाली.

मॅडमनी धावत जाऊन साहेबांचं मनगटच धरलं. मी दारात. नाडी ठीक. परत पाहिली. ठीक!

"सर, कितना पिया?"

"मैंने? मैं तो कभी कुछ नहीं चखता. मुझे शुगर है! ज़ुबान तो गुप्ताजी की है."

आम्ही वळलो. गुप्ताजी आपल्या टेबलाशी, समोर डबा उघडा, पोळी तशीच.

"मैडम," ते म्हणाले, "आज भूख ही नहीं लग रही."