सासूच्या कपाळाचं कुंकू

काल टीव्हीवर त्या नटीचा जुना सिनेमा लागला. जन्मभर सुनांना छळणाऱ्या सासवांचीच कामं केली बिचारीनं. नातसून म्हणते, "आज्जी, किती दुष्ट बाई हाय ही!" घ्या! अजूनबी तेच!

मी नवी सून असताना ती नाटकाच्या दौऱ्यावर आमच्या उदगीरला आली होती. सासऱ्यांनी तिला जेवायला बोलावलं. साधी सुती साडी, हळू आवाज. शेंगदाण्याची चटणी मागून मागून खाल्ली तिनं. निघताना रिवाजाप्रमाणं मी कुंकवाचा करंडा आणला, तर सासूबाईंनी माझा हातच धरला.

"हिला लावू नको. सुनेला पेटवलं हिनं."

"अवो आत्याबाई, ते सिनेमात!"

"सिनेमात का होईना, हात हिचाच होता की!"

लाजेनं मी अर्धी झाले. ती कपाळ पुढं करून तशीच वाकलेली. म्हणाली, "मावशी, सिनेमात काम करते म्हणून माझी सासू मला उंबऱ्याच्या आत घेत न्हाई. तुमचं तरी कुंकू लागू द्या."

सासूबाईंनी करंडा ओढून घेतला. स्वतः कुंकू लावलं, ओटी भरली, वर बजावलं, "आता सुनेला नीट वागवायचं."

"हाव मावशी," ती हसली.

पुढच्याच सिनेमात तिनं सुनेला विहिरीत ढकललं. सासूबाई सिनेमाच्या तंबूतून उठल्या त्या तडक घरी. किती समजावलं मी! त्या काळात सासूबाईंचा राग यायचा, आता माया येते. डोळे पुसत एकच म्हणत होत्या, "दुसऱ्या कुणी लावलं असंल गं तिला असं करायला. पोरगी गुणाची होती."